रणनीती आणि कणकेची खळ

सरांनी आयुष्यात उत्तर दिलं नाही असं एकच पत्र होतं. बाकी सगळ्यांना ते उत्तर देत. विमा कंपनीच्या छापील पत्रालासुद्धा ‘आपले पत्र पोचले, आनंद झाला’ असं लिहून पाठवत. हे पत्र मात्र टेबलावरच्या जाडजूड शब्दकोशाखाली जाऊन बसलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून सर शब्दकोश उचलायचंच टाळत होते. त्या दिवसांत त्यांना बऱ्याच शब्दांचे अर्थ अंदाजाने घ्यावे लागले.

पत्र दुसऱ्या गावातल्या एका बाईंचं होतं. छत्र्या आणि दप्तरं दुरुस्त करून देण्याचं त्यांचं छोटं दुकान होतं, सासऱ्यांच्या वेळचं. समोर नवं, मोठं, काचेच्या दाराचं दुकान उघडलं होतं. त्या दुकानाचा मालक एकदा येऊन सांगून गेला होता की बाई, तुमचं दुकान बंद करा, माझ्याकडे एक कोपरा देतो, तिथे मशीन टाकून बसा. बाईंनी लिहिलं होतं : ‘सर, वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यावरचा तुमचा लेख मी वाचला. आत टिकून राहावं की बाहेर पडून तह करावा, हे कसं ओळखायचं ते तुम्ही पुढच्या लेखात सांगणार होता, पण पुढचा लेख होड्या जाळण्यावर आला. मला शाळा सुरू व्हायच्या आधी त्यांना हो की नाही सांगायचं आहे. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाने सांगितलं तर मी तसंच करीन.’

त्यातल्या ‘अनुभवी’ या शब्दापाशी सरांना घाम फुटला होता.

सर शाळेत इतिहास शिकवत. जन्मात त्यांनी काही विकलं नव्हतं. रद्दीसुद्धा बायको विकायची, आणि त्या वेळी सर आतल्या खोलीत जाऊन बसत, कारण वजनावरून होणारी घासाघीस त्यांना ऐकवत नसे. लेखांचं लचांड मेहुण्यामुळे मागे लागलं होतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, व्यापारी संघाच्या मासिकाचा संपादक. मासिकाची दोन पानं दर महिन्याला रिकामी राहत. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, लढायाच तर लिहायच्या आहेत. राजाच्या जागी दुकानदार घाला, झालं.” सरांनी राजाच्या जागी दुकानदार घातला. बाजूने हल्ला चढवणं, रसद तोडणं, माघारीचं सोंग करून शत्रूला गाफील ठेवणं, परतीच्या होड्या जाळून टाकणं, असं सगळं त्यांनी किराणा, कापड आणि लोखंडी सामानाला लावून दाखवलं. खाली मेहुण्याने आपल्या मनाने छापलं : ‘लेखक हे व्यवसायनीतीचे गाढे अभ्यासक आहेत.’ ते वाचून सर आठवडाभर त्या रस्त्याने गेले नाहीत जिथे मासिकाचे वर्गणीदार राहत.

आता एका बाईचं दुकान आपल्या शब्दावर उघडं राहणार किंवा मिटणार, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

“अहो, लिहून टाका की मला ठाऊक नाही,” बायको म्हणाली.

“असं कसं लिहू? तिने विश्वास टाकलाय.”

“मग लिहा की ठाऊक आहे.”

“पण ठाऊक नाहीये ना.”

“मग ठाऊक करून घ्या,” असं म्हणून बायको कपडे वाळत घालायला गेली. ती हे वाक्य कपड्यांच्या बादलीकडे बघत, सहज बोलून गेली होती. पण विचार करण्याची सवय असलेल्या माणसापुढे सहज काही बोलू नये. सरांनी ते मनावर घेतलं. स्वतः धंदा करून पाहायचा, लेखातली एकेक नीती लावून पाहायची, आणि जे हाती लागेल ते बाईंना प्रामाणिकपणे कळवायचं. शाळा सुरू व्हायला अजून वेळ होता.

धंदा कोणता, हे ठरवायला वेळ लागला नाही, कारण सरांना हाताने करता येणारी एकच गोष्ट होती. आपली जुनी, सुटलेली पुस्तकं ते स्वतः शिवून, पुठ्ठा लावून बांधत. ते काम ते छान करत; निदान पुस्तकांनी कधी तक्रार केली नव्हती. पुढच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, दाब द्यायची लाकडी चौकट माळ्यावरून काढली, सुई, दोरा, टोचा, कापड आणि पुठ्ठे मांडले. रणभूमी आपण निवडावी, हा पहिला धडा. व्हरांडा निवडायचं खरं कारण असं होतं की दुसरी जागा बायको देईना.

वरच्या मजल्यावरचे बँकवाले खाली आले. ते बँकेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून इतरांच्या धंद्याला सल्ला देण्याचं काम विनावेतन करत होते.

“पाटी कुठाय?” त्यांनी विचारलं.

“पाटी कशाला? चार ओळखीचे लोक येतील.”

“सर, ओळखीचे लोक फुकट काम मागतात. अनोळखी हवेत. अनोळखी माणसाला बोलावायचं तर रस्त्याच्या वळणावरून दिसेल एवढी पाटी पाहिजे.”

सरांना पाटी म्हणजे छोटंसं, लाजरं काहीतरी अपेक्षित होतं. बँकवाल्यांनी आपल्या ओळखीच्या रंगाऱ्याकडून करून आणलेली पाटी व्हरांड्यापेक्षा रुंद निघाली. ‘येथे पुस्तके, फायली, प्रबंध उत्तम प्रकारे बांधून मिळतील’ हे शब्द इतके मोठे होते की ‘मिळतील’ शेजाऱ्यांच्या खिडकीपुढे गेलं. शेजारीणबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, “सर, आमच्याकडे नेमकं काय मिळणार आहे?”

मेहुणा आला, पाटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “भाऊजी, परवाना काढलाय ना? एवढी पाटी दिसल्यावर कोणीतरी विचारणारच.”

आता सर हे नियमाने चालणारे गृहस्थ. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा ते दिवा हिरवा होईपर्यंत उभे राहत आणि मागून येणाऱ्या लोकांची माफी मागत. परवान्याच्या कार्यालयात ते सकाळीच जाऊन बसले. खिडकीतल्या कारकुनाने न बघता विचारलं, “काय वापरता?”

“म्हणजे?”

“धंद्यात माल काय वापरता?”

“पुठ्ठा, कापड, दोरा,” सर म्हणाले. इथे कोणताही शहाणा माणूस थांबला असता. सर थांबले नाहीत, कारण अपुरी माहिती देणं त्यांना खोटं बोलण्यासारखं वाटे. “आणि कणकेची खळ.”

कारकुनाने पहिल्यांदा वर बघितलं. “कणीक?”

“कणीक पाण्यात शिजवून चिकट करतात. सगळेच बाईंडर तेच वापरतात.”

“म्हणजे धान्य शिजवता. मग आधी अन्नखात्याचा दाखला आणा. दुसरा मजला.”

दुसऱ्या मजल्यावर अन्ननिरीक्षक बसले होते. सडपातळ, दक्ष, जगावर अविश्वास ठेवणारे. त्यांनी वही पुढे ओढली.

“शिजवलेला पदार्थ किती टिकतो?”

“दोनेक दिवस. मग वास येतो.”

“तरी देता?”

“तेव्हा नवीन करतो.”

“आजवर कोणाच्या तक्रारी?”

सरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “अजून कोणी खाल्लेली नाही,” ते म्हणाले.

अन्ननिरीक्षकांनी हे लिहून घेतलं. मग विचारलं, “आणि तुम्ही म्हणता सगळेच बाईंडर असंच करतात? उदाहरणार्थ कोण?”

सरांना गावात एकच बाईंडर माहीत होता. कोर्टाच्या मागच्या गल्लीतला. त्यांनी पत्ता सांगितला. इतकंच नव्हे तर कोपऱ्यावर कुठे वळायचं तेही सांगितलं. दाखला मिळाला नाही. ‘तपासणीनंतर कळवू, तोवर काम चालू ठेवा’ असं उत्तर मिळालं, आणि सर रिकाम्या हाताने घरी आले. आपण एक प्रतिस्पर्धी तपासणीच्या तोंडी देऊन आलोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तोपर्यंत पाटी बघून लोक येऊ लागले होते. गोष्ट इथेच बिघडायला लागली, कारण दर सांगायची वेळ आली. पैसे मागताना सरांची जीभ टाळ्याला चिकटायची. समोरचा माणूस आपल्याकडे बघतोय या जाणिवेने ते जो आकडा सुचेल त्याच्या अर्धा सांगत, आणि तोही प्रश्नार्थक सुरात. गिऱ्हाईक एवढं स्वस्त ऐकून संशयाने पुस्तक परत काखेत घेई, मग पुन्हा टेबलावर ठेवी. कामाचा ढीग वाढला. खळ रोज शिजू लागली. पातेलं बायकोचं, शेगडी बायकोची, आणि सर पुस्तक वाचत ढवळत असल्यामुळे खळ दिवसाआड तळाला लागे. एका सकाळी बायकोने पातेलं घासून कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

“हे रसद तोडणं झालं,” सर व्हरांड्यातून म्हणाले.

“मी फक्त पातेलं उचललंय,” बायको म्हणाली. “तुमच्या लेखात याला काय म्हणतात ते तुम्ही बघा.”

शत्रूची बातमी काढावी, हा दुसरा की तिसरा धडा होता. सरांना स्वतः जाववेना म्हणून त्यांनी मेहुण्याला कोर्टामागच्या बाईंडरकडे पाठवलं. नुसतं दर विचारून यायचं, ओळख द्यायची नाही. मेहुणा संध्याकाळी खुशीत परत आला.

“काय दर आहेत?”

“ते विचारायचं राहिलं. पण भाऊजी, माणूस काम झकास करतो हो. मी मासिकाचे जुने सगळे अंक बांधायला देऊन आलो.”

“माझ्याकडे का नाही दिलेस?”

“तुमच्याकडे ढीग किती साठलाय ते बघितलं ना मी.”

हे खरंच होतं. ढिगाने सरांना घेरलं होतं. याचं कारण आळस नव्हे तर वाचन होतं. कोणी पुस्तक बांधायला टाकलं की सर आधी ते चाळत, मग वाचत, मग पेन्सिलीने हळूच छपाईच्या चुका सुधारत. एका काकूंच्या पाककृतींच्या वहीत त्यांनी तीन ठिकाणी ‘प्रमाण?’ असं लिहिलं होतं, आणि काकू आपल्या घरी ती वही उघडून बराच वेळ स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या होत्या असं नंतर कानावर आलं.

शेवटी सरांना माघारीच्या सोंगाचा धडा आठवला. पाटीवर खडूने ‘बंद’ लिहून काही दिवस दार लावायचं. प्रतिस्पर्धी गाफील होईल, आणि आपण दुप्पट जोमाने उतरू. सोंगाचा भाग उत्तम वठला. सर दोन दिवस आत बसून एक जाडजूड पुस्तक वाचत होते, आणि इतके सुखात होते की दुप्पट जोमाचा विषय त्यांनी काढलाच नाही.

बंद दाराची कडी वाजवली ती वकीलबाईंनी. एके काळी त्या सरांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसत. “सर, दुसरीकडे देता येत नाही म्हणून आले,” त्या म्हणाल्या. “कोर्टामागच्याकडे समोरच्या पक्षाच्या फायली आहेत. माझे कागद त्याच टेबलावर नको. दोन संच आहेत, एक न्यायालयासाठी, एक माझा. परवा सुनावणी आहे.”

शिष्येला नाही म्हणणं शक्य नव्हतं. सरांनी दोन्ही संच घेतले. दोन भावांच्या सामाईक भिंतीचं प्रकरण होतं. आणि इथे सरांच्या हातून अशी चूक झाली जी जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाच्याच हातून व्हावी.

कागद चाळताना त्यांच्या लक्षात आलं की आधी भांडणाचं पत्र आहे, मग भिंत बांधल्याची पावती, मग जागेचं खरेदीखत, आणि वडिलांचं वाटणीपत्र तर सगळ्यात शेवटी. परिणाम आधी, कारण मागे. वर्गात एखाद्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर सरांनी अर्धे गुण कापले असते. त्यांना वाटलं, पोरीची घाई झाली असेल. तिला मदत करावी. त्यांनी सगळे कागद तारखेप्रमाणे नीट लावले. कोपऱ्यातले पेन्सिलीचे जुने आकडे आता चुकीचे ठरत होते. ते खोडरबराने पुसून वळणदार अक्षरात नवे घातले. वरची अनुक्रमणिका जुळत नव्हती, ती फाडून नवी केली. धाकट्या भावाच्या एका विधानापुढे समासात बारीक अक्षरात ‘संदर्भ?’ असं लिहिलं. आणि सगळं घट्ट शिवून, पुठ्ठा लावून, पाठीला निळं कापड चिकटवून दाबाखाली ठेवलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी वकीलबाई न्यायला आल्या. त्यांनी पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. मग त्या व्हरांड्यातल्या स्टुलावर खाली बसल्या.

“सर,” त्या म्हणाल्या, “वाटणीपत्र पहिलं कसं आलं?”

“घडलंच ते पहिलं,” सर म्हणाले.

“ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. माझा सगळा युक्तिवाद त्या क्रमाने आहे. अर्जात पानांचे आकडे दिलेत. ते आकडे कुठायत?”

“ते पुसले.”

“आणि हा ‘संदर्भ’ कोणी विचारलाय?”

सरांनी खिशातली पेन्सिल आणखी खोल ढकलली.

“न्यायाधीशांनी विचारायचा असतो, सर. बाईंडरने नाही.” त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. शिक्षकावर आवाज चढवायचा नाही, असं सरांनीच त्यांना शिकवलं होतं, आणि त्या शिकवणुकीचा सरांना आयुष्यात प्रथमच पश्चात्ताप झाला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. “बरं, माझ्या संचावरून परत लावू. तो द्या.”

“तोही,” सर म्हणाले.

“तोही काय?”

“तोही तसाच लावलाय. दोन्ही सारखे असावेत म्हणून.”

 आतून बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो कोणापुढे ठेवावा हे न कळून मध्येच उभी राहिली. वकीलबाईंनी पाणी घेतलं. म्हणाल्या, “या कागदांचा तिसरा संच समोरच्या वकिलांना दिलेला आहे. क्रम त्यातच आहे. पण त्यांच्याकडे मागायला गेले तर उद्या सगळं कोर्ट हसेल. आणि तो संचही त्यांनी बांधायला टाकलाय.”

“कुठे?” सरांनी विचारलं, आणि विचारताविचारताच त्यांना उत्तर कळलं.

अशा रीतीने लेखात कुठेही नसलेला धडा सरांनी गिरवला. दोन्ही गठ्ठे छातीशी धरून सेनापती स्वतःच्या पायांनी शत्रूच्या छावणीत निघाला. वाटेत बँकवाले भेटले आणि म्हणाले, “माल पोचवायला? शाब्बास. विस्तार होतोय.”

कोर्टामागच्या गल्लीतलं दुकान अरुंद आणि खोल होतं. भिंतीला टेकून लाल फायलींच्या उतरंडी, छतापर्यंत. आत एक अवाढव्य माणूस पंख्याखाली बसला होता. सरांना बघताच तो उठून उभा राहिला, आणि सरांना वाटलं, आता मारतो.

“आलात,” बाईंडर म्हणाला. “मला वाटलंच होतं, एक दिवस स्वतः येणार. बसा. मी हरलो.”

“नाही, मी एक विनंती घेऊन—”

“विनंती कसली, अटी सांगा. आधी दर अर्ध्यावर आणलेत. बरं, म्हटलं, नवीन माणूस आहे, शिकेल. मग तुमचा हेर आला, अंकांचा गठ्ठा घेऊन, आणि तासभर बसून माझं सगळं दुकान डोळ्यांखालून घालून गेला. मग तुम्ही एकदम बंद. गावात विचारलं तर कोणालाच ठाऊक नाही का बंद. मी बायकोला म्हटलं, हा माणूस काहीतरी मोठं करणार. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात अन्नखातं.”

“अन्नखातं इथे आलं?”

“माझी खळ चाखून बघितली त्या माणसाने,” बाईंडर म्हणाला. “बापाच्या वेळेपासूनचा धंदा. आजवर पोलीस आले, करवाले आले, पण खळ कोणी चाखली नव्हती. सर, खरं सांगतो, त्या रात्रीपासून मला झोप नाही. तुमच्या डोक्यात पुढे काय आहे ते एकदा सांगून टाका.”

सरांच्या डोक्यात पुढे काहीच नव्हतं. मागेही काही नव्हतं. ते त्यांनी सांगून पाहिलं. दर लाजेने पडले, मेहुणा मेहुणा असल्यामुळे बसला, दार पुस्तकामुळे बंद राहिलं आणि अन्नखातं खरं बोलल्यामुळे आलं. बाईंडर मान डोलवत ऐकत होता. त्याला यातला एकही शब्द पटला नाही हे स्पष्ट दिसत होतं.

“बरं बरं,” तो म्हणाला. “मोठी माणसं असं कबूल करत नसतात. आता कशाला आलात तेवढं सांगा.”

सरांनी गठ्ठे टेबलावर ठेवले आणि भिंतीच्या प्रकरणाचं सगळं सांगितलं. पुसलेले आकडे, फाडलेली अनुक्रमणिका, समासातला ‘संदर्भ’. हे सांगत असताना बाईंडरचा चेहरा हळूहळू बदलत गेला. भीती गेली, त्या जागी आश्चर्य आलं, मग त्याच्या पोटातून हसू निघालं आणि वर येईपर्यंत त्याने सगळं दुकान हलवलं.

“दोन्ही संच?” त्याने विचारलं.

“दोन्ही.”

“तारखेप्रमाणे?”

“तारखेप्रमाणे.”

“म्हणजे तुम्ही खरंच नुसते मास्तर आहात,” बाईंडर म्हणाला, आणि हे इतक्या मोकळ्या आनंदाने म्हणाला की सरांना त्याचा राग आला नाही. उलट आपल्याला कोणीतरी बरोबर ओळखलं असं वाटलं. व्यवसायनीतीचा गाढा अभ्यासक या बिरुदाचं ओझं त्या गल्लीत उतरलं.

तिसरा संच अजून शिवायचा होता. निरोप पाठवून वकीलबाईंना बोलावून घेतलं, आणि सर व त्या एका फळीवर बसून कागद जुळवू लागले. टाके उसवले, पुठ्ठे काढले, पानं परत मागेपुढे केली. भांडणाचं पत्र पुन्हा सगळ्यात वर ठेवताना सरांचा हात क्षणभर अडखळला.

“सर,” वकीलबाई म्हणाल्या.

“ठेवतोय,” सर म्हणाले, आणि त्यांनी ते वर ठेवलं.

बाईंडरने दोन्ही संच आपल्या लोखंडी दाबाखाली घातले. उजेड असेतो काम झालं. वकीलबाई गठ्ठे घेऊन निघाल्या. जाताना सरांच्या पाया पडल्या नाहीत, पण ‘येते सर’ म्हणाल्या, आणि त्यात माफी होती असं सरांना वाटलं. नक्की सांगता येणार नाही.

“आता तुमच्याकडच्या ढिगाचं काय?” बाईंडरने विचारलं.

“तो तुम्ही घेतलात तर उपकार होतील.”

“घेतो. आणि एक सांगू? दुकान कशाला चालवता? माझ्याकडे एक कोपरा आहे. तिथे येऊन बसा, फुटकळ शिलाई करा. पाटी नको, दर सांगायला नको, खळ आयती.”

 हे शब्द त्यांनी आधी बाईंच्या पत्रात वाचले होते. पण वाचताना ते डोक्यात गेले होते आणि आता ते थेट पोटात पोचले. पोटात काय झालं याकडे सरांनी नीट लक्ष दिलं. आयुष्यात फार थोड्या वेळा त्यांनी असं लक्ष दिलं होतं. झालं एवढंच की पोटातली एक गाठ सुटली. दुकान बंद करायचं, या विचाराने त्यांना इतकं हलकं वाटलं की खुर्चीवरून उठताना आधार लागला नाही.

“कोपरा नको,” ते म्हणाले. “पण दुकान बंद करायचं मात्र पक्कं.”

“नक्की ना? का ही पण चाल?” बाईंडरने डोळे बारीक करून विचारलं.

“लिहून देऊ का?”

“नको,” बाईंडर घाईने म्हणाला. “तुम्ही काही लिहू नका.”

दुसऱ्या दिवशी पाटी उतरली. शेजारीणबाईंना खिडकी परत मिळाली, बायकोला पातेलं. बँकवाल्यांनी दुःखाने सांगितलं की ऐन बहरात माघार घेतलीत, आणि पाटीची मागची बाजू कोरी आहे तर तिच्यावर दुसरा एखादा धंदा रंगवता येईल. अन्नखात्याचं पत्र आलं की आपण विकत असलेला पदार्थ खाण्यायोग्य नाही असं तपासणीत आढळलं आहे. सरांनी त्याला उत्तर पाठवलं : ‘आपले पत्र पोचले, मीही सहमत आहे.’ दुपारी वकीलबाईंचा निरोप आला की प्रकरण पुढच्या तारखेला गेलं, दोन्ही वकील आजारी होते म्हणे. सरांनी कपाळाला हात लावला, आणि मग हसले.

मग ते टेबलापाशी बसले आणि त्यांनी शब्दकोश उचलला.

पत्र लिहायला फारसा वेळ लागला नाही. बाईंना त्यांनी लिहिलं की माफ करा, उशीर झाला, पण शाळा अजून सुरू व्हायच्या आहेत. मी लेख लिहिले तेव्हा धंदा केला नव्हता. आता केला आहे, म्हणून यापुढे लेख लिहिणार नाही. वेढ्याबद्दल मला पुस्तकात जे सापडलं ते सगळं किल्ल्याबाहेरच्या माणसांनी लिहिलेलं आहे. तेव्हा इतिहासाला विचारू नका, त्याला तुमचं दुकान माहीत नाही. तुमच्यासारखाच एक कोपरा मलाही देऊ केला गेला. ऐकताच मला सुटल्यासारखं वाटलं, कारण मला दुकान नकोच होतं. समोरचा गृहस्थ तसं म्हणाला तेव्हा, मशीन, भाडं आणि गिऱ्हाईकं यांचा हिशेब सुरू व्हायच्या आधी, तुमच्या पोटात काय झालं ते आठवा. सुटल्यासारखं वाटलं असेल तर जा, त्यात हार नाही. खड्डा पडला असेल तर जाऊ नका. आणि दोन्हीपैकी काहीही केलंत तरी एकदा त्याच्या दुकानात जाऊन थोडा वेळ बसा. कदाचित तोही तुम्हाला घाबरत असेल. माझ्या बाबतीत तसं निघालं.

बायकोने ते वाचलं. “बरं झालंय,” ती म्हणाली. “एक शब्द बदलू नका. चला, पाकिटात घाला.”

सर चालत कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. पाकीट आत टाकलं. ते पडल्याचा आवाज आला, आणि त्याच क्षणी त्यांना वाटलं की ‘त्यात हार नाही’ या शब्दांच्या जागी ‘त्यात कमीपणा नाही’ जास्त बरं दिसलं असतं. शिवाय खड्ड्याबद्दलचं वाक्य फार ठाम झालंय. त्यात एक ‘बहुधा’ हवा होता. ते तिथेच उभे राहिले. तेवढ्यात टपालखात्याचा माणूस सायकलवरून उतरला, त्याने किल्ली लावून पेटी उघडली आणि पत्रं पिशवीत ओतायला सुरुवात केली. सरांचं पाकीट सगळ्यात वर दिसत होतं, हात पुढे केला तर मिळेल इतकं जवळ.

“काही राहिलंय का, आजोबा?” त्याने विचारलं.

सरांनी हात खिशात घातला. “नाही,” ते म्हणाले. “गेलं एकदाचं.”